काहिलीपाशी कोण होतं

त्या शनिवारी संध्याकाळी काहिलीपाशी आई नव्हती. मी होतो. म्हणजे मी असायला हवा होतो. एवढं साधं वाक्य, पण ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सांगलीच्या बहिणीला नाही, आणि जिला ते सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या आईलाही नाही. आई आता नाही.

काहील हा आईचा शब्द. मी त्याला पॅन म्हणायचो. हॉटेलांच्या बुफेत असतात तसला स्टीलचा चौकोनी पसरट पॅन होता तो, आणि त्यात मी मेपलचा रस आटवायचो. बॉस्टनजवळच्या श्रूजबरीचं हे घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात मेपलची जुनी झाडं होती. शेजारचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, आधीचा मालक दर वर्षी सिरप करायचा. झालं, माझ्या डोक्यात बसलं. मला तोपर्यंत कसलाही छंद नव्हता. ऑफिस, गाडी, बर्फ काढणं, शनिवारी कोणाकडे तरी जेवण. पन्नाशी जवळ आलेल्या माणसाने काहीतरी हाताने करावं असं वाटायला लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर शनिवारच्या जेवणात बोलायला काहीतरी हवं होतं.

करायचं काही फार अवघड नसतं. हिवाळा सरत आला, की दिवसा बर्फ वितळतं आणि रात्री पुन्हा गोठतं. त्या दिवसांत झाडाच्या खोडाला ड्रिलने भोक पाडायचं, त्यात नळी ठोकायची, नळीला बादली अडकवायची. रस ठिबकतो. रस म्हणजे पाणीच, जिभेवर धरून ठेवला तर कुठेतरी गोडीचा भास होतो. तो आटवत बसायचं. बादलीभर आटवावा तेव्हा शेवटी कपभर सिरप हाती लागतं. घरात आटवता येत नाही, सगळ्या भिंती चिकट होतात. म्हणून बाहेर, टर्की तळायला इथले लोक वापरतात तसली मोठी गॅसची शेगडी, तिच्यावर पॅन, आणि शेजारी खुर्ची टाकून आपण.

बायकोला हे प्रकरण कधीच आवडलं नाही. तिचं म्हणणं एवढंच, की शेगडी घराच्या भिंतीला लागून नको. आमच्या घरांना बाहेरून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं साइडिंग असतं, त्याला आच लागली की ते मेणासारखं ओघळतं. पण भिंतीपाशी वारा लागत नाही, आच नीट मिळते, म्हणून मी ती तिथेच ठेवायचो. त्या शनिवारी सकाळीही ती म्हणाली होती.

"अरे, ती तुझी भट्टी लांब ने. किती वेळा सांगू?"

"नेतो गं."

"नेतो नको. आत्ता ने."

"तुला काय वाटतं, मी काय झोपणार आहे तिथे?"

हे माझे शब्द आहेत. ते मला तंतोतंत आठवतात, कारण नंतर ते तिलाही आठवतील याचीच मला भीती होती.

आई दिवाळी झाल्यावर आली होती, सहा महिन्यांसाठी. बाबा गेल्यानंतर ही तिची पहिलीच फेरी. इथला हिवाळा म्हणजे तिला शिक्षाच होती. बाहेर पडायचं नाही, बोलायला कोणी नाही. आम्ही दोघं कामावर आणि मुलगी शाळेत गेली, की ती स्वयंपाकघरात एकटी. मग एक दिवस मी बादल्या अडकवल्या आणि पहिला रस आटवायला ठेवला. वाफ उठली तशी ती बाबांचा जुना स्वेटर, वर माझं जॅकेट, पायात मोजे आणि मोज्यांवर चपला अशा थाटात बाहेर आली आणि पॅनवर वाकून तिने वास घेतला.

"अरे, हे तर गुऱ्हाळ!"

तिचं माहेर पंचगंगेच्या काठचं. लहानपणी घरचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस मोठ्या काहिलीत आटायचा, मळी काढायची, काकवी वेगळी ठेवायची, मग गूळ. एरवी तिला अमेरिकेत काहीच ओळखीचं लागलं नव्हतं. हे लागलं. त्या दिवसापासून तिने खुर्ची ताब्यात घेतली. फेस वर आला की तुपाचं बोट फिरवायची, फेस खाली बसायचा. एकदा म्हणाली, "तुझ्याकडे भेंडी आहे का?"

"भेंडी कशाला?"

"रसात घालायला. भेंडीच्या पाण्याने मळी वर येते. आमच्याकडे घालायचे."

"आई, लोक काय म्हणतील? मेपल सिरपमध्ये भेंडी?"

"लोकांना कोण सांगतंय? मी तर इथल्या कोणाशी बोलतसुद्धा नाही."

आम्ही दोघं खूप हसलो. तिने फ्रीझरमधली भेंडी खरंच आणली, भिजवली आणि तिचं पाणी ओतलं. मळी वर आली की नाही मला सांगता येणार नाही, पण त्या बाटल्यांना किंचित भेंडीचा वास होता आणि मी त्या 'होममेड' अशी चिठ्ठी लावून मित्रांना वाटल्या. सगळ्यांनी छान म्हटलं. इथे सगळेच सगळ्याला छान म्हणतात.

त्या महिनाभरात माझं आणि आईचं जेवढं बोलणं झालं, तेवढं त्याआधी पंचवीस वर्षांत झालं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. मी काय घालवलं ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून.

तर तो शनिवार. मोसमातला शेवटचा रस. झाडांना कोंब फुटायला लागले की रसाला उग्र चव येते, मग थांबायचं. दुपारभर आटवत होतो. बायको मुलीला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेली होती. आई काहिलीपाशी बसली होती, मधेमधे डाव वर धरून थेंब कसा गळतो ते बघत होती. मी थर्मामीटर बघायचो, ती थेंब बघायची. दोन्हींचा निकाल साधारण एकच लागायचा. ऊन उतरलं, गारठा वाढला. तिचं नाक लाल झालं होतं.

"आई, तू आत जा. मी बघतो."

"दिवा लावायची वेळ झालीय, तेवढा लावून येते. पण तू बसशील ना? आता सोडून जायचं नाही हं. उतरायला आलंय."

"अगं हो, बसतोय."

"गुऱ्हाळात या वेळेला कोणी कोणाशी बोलायचं नाही बघ. डोळा काढला की गेलं."

"जा तू. मी आहे."

ती आत गेली. मी आहे, असं मी म्हणालो, आणि पाचेक मिनिटं खरंच होतो. मग आठवलं की बाटल्या खाली बेसमेंटमध्ये आहेत. आणायला गेलो. बेसमेंटमध्ये ऊब होती. तिथे आमचा जुना सोफा आहे. त्याच्यावर टेकलो आणि खिशातला फोन काढला. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःशी म्हणत राहिलो की तेव्हा ऑफिसचा फोन आला होता. आला नव्हता. मी मॅचची हायलाइट्स बघत होतो. मॅच कोणाची, कोण जिंकलं, काही आठवत नाही. काही महत्त्वाचं असतं तर निदान आठवलं असतं.

रसात पाणी असेपर्यंत त्याला काही होत नाही, तासन्‌तास विसरलात तरी चालतं. शेवटी मात्र पाणी संपतं आणि उरते नुसती साखर. आधी कॅरमलसारखा छान वास आला. मला वाटलं, झालंय वाटतं, आता उठू. उठलो नाही. मग तोच वास कडू झाला. मग घरातले अलार्म एकदम ओरडायला लागले.

मी वर धावलो. पॅनमध्ये काळा डोंगर उठला होता आणि त्यातून ज्वाळा निघत होत्या. भिंतीचं साइडिंग खिडकीपर्यंत ओघळलं होतं. मी सिलिंडर बंद केला आणि बर्फ फावड्याने उचलून टाकत सुटलो. शेजारच्या गृहस्थांनी आधीच फोन केला होता. फायर ट्रक आला, मोठे मोठे बूट घातलेली माणसं आमच्या अंगणात शिरली. पाच-दहा मिनिटांत सगळं विझलं. नुकसान म्हणाल तर भिंतीचा एक भाग. बस, एवढंच. आई मागच्या दारात शाल घट्ट धरून उभी होती.

आणि नेमकी तेव्हाच बायकोची गाडी ड्राइव्हवेवर वळली. तिचा चेहरा मला काचेतून दिसला. सकाळचं बोलणं माझ्या कानात वाजलं. त्याच क्षणी त्या माणसांपैकी एकाने वहीबिही न काढता, सहज, गप्पा मारल्यासारखं विचारलं, की याच्याकडे लक्ष कोण ठेवत होतं?

"माय मदर," मी म्हणालो.

इंग्रजीतले दोन शब्द. त्याने आईकडे बघितलं आणि समजल्यासारखी मान हलवली. त्याचीही आई असेल.

आईला इंग्रजी फार कळायचं नाही. पण मदर कळायचं.

"काय म्हणाला रे तो?"

"काही नाही."

तोवर बायको आली होती. "आई, तुम्ही होतात का इथे?"

"मी... मी तर दिवा लावायला आत गेले होते गं."

तिने खरं तेच सांगितलं होतं. आणि मी तिचं तेच खरं तिच्याच अंगावर टाकलं. आवाज चढवला नाही, रागावलो नाही. अगदी समजूतदार मुलासारखा, हळू आवाजात म्हणालो, "दिवा लावायला गेलीस ना? जाऊ दे. पण मला सांगून जायचं होतंस."

आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ती बोलेल. ती बोललीही, पण ते भांडण नव्हतं, तो प्रश्न होता. तिला खरंच माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं.

"सांगितलं नव्हतं का मी तुला?"

आग लागली तेव्हा माझ्या हातून निष्काळजीपणा झाला होता, तेवढं कोणाच्याही हातून होतं. पण या प्रश्नाला उत्तर द्यायला माझ्याजवळ वेळ होता. विचार करायला जागा होती. मी विचार केला आणि म्हणालो, "नाही गं आई."

तिने शाल अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाली, "मग राहिलं असेल बाई."

मी आत गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात निरांजन जळत होतं. शांत. मी पंखा लावला, धूर जावा म्हणून. निरांजन विझलं.

बायको वाईट नाही. उलट त्या दिवसानंतर ती आईशी जास्तच सांभाळून वागायला लागली, आणि त्यातच सगळं आलं. आधी तिने ओटा सुरक्षित केला. लहान मुलं असतात त्या घरांत गॅसच्या बटणांवर टोप्या बसवतात, तशा आणून बसवल्या. मग म्हणाली, "आई, देवापुढे आता हा ठेवूया. बॅटरीवरचा आहे, दिसायला अगदी खऱ्यासारखा." आईने तो प्लॅस्टिकचा दिवा हातात घेऊन उलटा करून बघितला, खालचं बटण दाबलं, तो पेटला. ती म्हणाली, "बरं." संध्याकाळी ती हात जोडून त्याच्यासमोर उभी राहायची, पण आधी करायची तसं पुटपुटायची नाही.

मग आम्ही बघायला लागलो. म्हणजे बायको प्रामाणिकपणे बघायला लागली आणि मी तिला साथ द्यायला लागलो. चष्मा सोफ्यावर राहिला, बघ. मुलीच्या मैत्रिणीचं नाव चुकली, बघ. सत्तरीतल्या बाईने, परक्या देशात, परक्या घरात चष्मा विसरू नये! मी स्वतः गाडीची किल्ली आठवड्यातून दोनदा शोधतो, त्याची कोणी नोंद ठेवत नव्हतं. बहिणीला मी फोन केला. "आईचं विसरणं वाढलंय गं. इथे तर आग लागता लागता राहिली. तू लक्ष ठेव." ती रडली. दादा, तू होतास म्हणून, असं काहीतरी म्हणाली.

आणि सगळ्यात वाईट हे, की आईलाही पटलं. नळ बंद केला का, दार लावलं का, औषध घेतलं का, असं ती विचारायला लागली. आधी कधी विचारायची नाही. माझ्याकडे बघून विचारायची, कारण तिचं स्वतःचं काय झालं हे आता मीच तिला सांगायचो. आधी आटवून ठेवलेल्या सिरपच्या बाटल्या भरल्या तेव्हा तिला म्हटलं, ये, चिठ्ठ्या लाव. म्हणाली, "नको रे, माझ्या हातून काहीतरी होईल."

एप्रिलमध्ये तिला बॉस्टनच्या एअरपोर्टवर सोडायला गेलो. इंग्रजी येत नाही म्हणून आपण सगळेच आईवडिलांसाठी व्हीलचेअर मागतो, तशी मागितली होती. एरवी ती लाजून हसायची, धडधाकट बाई मी, म्हणायची. या वेळी मुकाट्याने बसली. ढकलणारा आला तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "तुझं घर जाळलं असतं मी. मनात ठेवू नकोस हं."

"नाही गं," मी म्हणालो.

सांगलीत बहिणीने तिचा गॅस काढला. इंडक्शन आणलं. स्वयंपाकाला बाई लावली, ती नऊला यायची. आई पहाटे पाचला उठायची, आयुष्यभर पाचला स्वतःचा चहा करून घ्यायची. आता नऊपर्यंत बसायची. व्हिडिओ कॉलवर तिने मला तो रिकामा ओटा दाखवला. "माझी भांडी यावर चालत नाहीत रे. ठेवलं की टीं टीं करतं. ओळखतच नाही." मी म्हटलं, नवीन भांडी घे ना. म्हणाली, "कशाला आता. बाई करते की." बाईचा चहा फार गोड असायचा, ही तिची एकच तक्रार.

डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी काही प्रश्न विचारले. ती घाबरून गेलेली, उत्तरं चुकली. मग गोळ्या. गोळ्यांनी झोप. मग खरंच विसरायला लागली की काय, ते मला ठरवता येत नाही. कदाचित ते होणारच होतं. मी हे वाक्य स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे, पण त्याने काही होत नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा सिरप केलं. शेगडी कुंपणापाशी, घरापासून लांब. एकटाच. जागचा हललो नाही. त्यातली एक बाटली घेऊन सांगलीला गेलो. आई पलंगावर बसली होती, बारीक झालेली. मी चमचाभर तिच्या हातावर घातलं. तिने ते दोन बोटांत धरून ताणून बघितलं.

"तार नाही धरली."

"सिरपला तार लागत नाही, आई."

"हां, ते आहे." तिने बोट चाटलं. "चांगला झालाय. काहिलीपाशी कोण होतं?"

"मी."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

ती माझ्याकडे बघत राहिली. नजर अगदी स्वच्छ होती, पूर्वीसारखी. मग मान हलवून म्हणाली, "तसंच बसायचं असतं."

तिला माहीत होतं का? त्या संध्याकाळीही माहीत होतं आणि मला वाचवायला तिने ते स्वतःवर घेतलं? की नुसतं गुऱ्हाळाचं बोलत होती? मला मानावंसं वाटतं की माहीत होतं, कारण मग तिचं डोकं शाबूत होतं आणि मी फक्त भित्रा ठरतो. पण माहीत असतं तर ती एप्रिलमध्ये एअरपोर्टवर तसं बोलली नसती. खोटं बोलायची सवय तिला नव्हती. ती मला होती. त्या पलंगाशी बसून मी तोंड उघडलं, आणि बहीण चहा घेऊन आत आली. चहा गोड होता. मी तो प्यायलो.

पुढच्या पावसाळ्यात आई गेली. दिवसवार झाल्यावर बहीण तिची भांडी काढत होती, पितळेची, अॅल्युमिनियमची, ती सगळी जी चालत नव्हती. मला म्हणाली, "दादा, तू वेळेवर सांगितलंस म्हणून बरं. मी तिचा गॅस काढला तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. फार वाईट वाटायचं मला. पण काढला नसता तर काय झालं असतं कोण जाणे. नाही?"

मी म्हणालो, "हो ना."

म्हणजे आईला म्हटलेलं 'नाही' आणि बहिणीला म्हटलेलं 'हो', दोन्ही माझीच. शेगडी मी शेजाऱ्यांना देऊन टाकली. झाडांवरची भोकं भरून येतात, झाड स्वतःच भरून काढतं. माझ्या झाडांची आली आहेत.

हे मी मराठीत लिहितो आहे, माझ्या मुलीला ते वाचता येणार नाही. बायको वाचेल किंवा नाही वाचणार. बहिणीच्या हाती पडलं तरी ते वाचून कळणं वेगळं आणि मी फोन करून माझ्या तोंडाने सांगणं वेगळं, एवढं मला कळतं. या लिखाणाने ते फिटत नाही.

आईने मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. मी आहे, असं म्हणालो होतो. हे मला बहिणीला सांगायचं आहे, आणि तिने तो गॅस माझ्या खोट्यावर काढला हेही. ते अजून सांगितलेलं नाही.